चीफचं तळं आणि काकूंचा बाण

"तू आत्ता चाळीस वाव पाण्याखाली उभी आहेस," हे चीफ माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. मी बुकित बातोकमधल्या त्यांच्या फ्लॅटच्या दारात उभी होते, एका हातात सूटकेस आणि दुसऱ्या हातात निथळणारी छत्री. खोली भाड्याने मिळेल का, एवढंच विचारायचं होतं. पाण्याखाली असण्याबद्दल माझी तक्रार नव्हती, तशीही मी चिंब भिजलेलीच होते. पण ह्या गृहस्थांचा एखादा स्क्रू ढिला आहे की काय, असं मनात आल्याशिवाय राहिलं नाही. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "अहो, तिला आधी टॉवेल द्या, मग बुडवा!"

खोली मी त्या टॉवेलवर घेतली.

चीफ म्हणजे चीफ इंजिनियर. मूळचे रत्नागिरीकडचे. उभा जन्म मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून शेवटी सिंगापूरला स्थिरावलेले. मी राहायला गेले ते २०१२ साल. तेव्हा ते तुआसला जहाजदुरुस्तीच्या एका यार्डात तपासनीस म्हणून जायचे. जहाज सुटून कैक वर्षं झाली होती, तरी खालच्या कॉफीवाल्या अंकलपासून लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यापर्यंत सगळे त्यांना चीफच म्हणायचे. म्हणायचे कसले, ते म्हणायला लावायचे. मी पहिल्या दिवशी 'काका' म्हटलं तर म्हणाले, "काका गल्लीत पन्नास असतात. चीफ जहाजावर एकच." ह्यातून सूट फक्त काकूंना. त्यांचे ते साधे 'अहो'.

तर ते चाळीस वाव पाणी, म्हणजे खलाशांच्या मापाने अडीचशेएक फूट. चीफनी घरभर, सगळ्या भिंतींवरून, पेन्सिलीने एक आडवी रेघ मारलेली होती. माझ्या छातीएवढ्या उंचीवर. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली प्लास्टिकची नळी घेऊन त्यांनी ती तंतोतंत एका पातळीत आखली होती. कपाट आलं की कपाटावरून, फ्रिज आला की फ्रिजवरून. मी माझ्या खोलीत कॅलेंडर लावलं, तर संध्याकाळी ऑफिसातून येऊन बघते तो रेघ कॅलेंडरवर चढलेली! मी जाम भडकले. भाडं भरते मी इथे, माझ्या कॅलेंडरवर रेघा कसल्या ओढता? चीफ शांतपणे म्हणाले, "कॅलेंडर काढ हवं तर. किनारा हलायचा नाही."

तो किनारा होता एका तळ्याचा. तळं अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या वाळवंटातलं, आणि त्यात हजारो वर्षांपासून पाण्याचा थेंब नव्हता. नाव मी सांगत नाही, कारण चीफ स्वतः ते तीन तऱ्हांनी उच्चारायचे आणि तिन्ही बरोबर आहेत म्हणायचे. तरुणपणी त्यांचं जहाज तिकडच्या एका बंदरात तीन आठवडे दुरुस्तीला पडलं होतं. बाकीची मंडळी शहर बघायला गेली. हे एकटे बस पकडून वाळवंटात गेले. का, तर "समुद्राचा कंटाळा आला होता." तिथे त्यांना दिसलं चारी बाजूंनी डोंगर असलेलं एक भलंमोठं सपाट खोरं. तळाला भेगाळलेला पांढरा चिखल, नजर पोचेल तिथवर. आणि त्या सगळ्या डोंगरांच्या अंगावर, एकाच उंचीला, चौफेर फिरलेली एक आडवी रेघ.

"मी जन्मभर जहाजाच्या अंगावरची पाण्याची रेघ बघत आलोय," चीफ सांगायचे. "मला कुणी सांगायला नको. मी खाली उतरलो आणि वर बघून म्हटलं, अरे बापरे, आपण तळाशी उभे आहोत!"

हिमयुगात तिथे हवा थंड होती, डोंगरांवर बर्फ होतं, पाणी आटत नव्हतं. खोरं काठोकाठ भरलं होतं. मग हवा तापली आणि तळं गेलं. एवढं तिथल्या माहितीपत्रकातही होतं, आणि ते पत्रक चीफनी प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलं होतं. भांडण होतं त्यातल्या एकाच वाक्याशी. ह्या तळ्याचं पाणी कधीच बाहेर पडलं नाही, असं ते वाक्य होतं.

"खोटं!" चीफ त्या ओळीवर बोट आपटायचे. "तुमच्या पुण्याच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे ना? पाणी कमी-जास्त होतं तेव्हा रेघ उमटते का? नाही. पुसटशा दहा उमटतात. एकच ठसठशीत रेघ कधी उमटते? टाकीला ओव्हरफ्लोचा पाइप असला की! पाणी तिथवर चढतं, जास्तीचं निघून जातं, पातळी तिथेच राहते. वर्षानुवर्षं. त्या डोंगरावरची रेघ मी हाताने चाचपून आलोय, खोल कोरलेली आहे. म्हणजे ओव्हरफ्लो होता. उत्तरेकडे खिंड आहे, तिथून."

आमच्या फ्लॅटमधली उत्तरेकडची खिंड म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी. तिचा कट्टा नेमका रेघेवर यायचा. त्या कट्ट्यावर काहीही ठेवायला बंदी होती. काकूंनी एकदा तिथे कोथिंबिरीची कुंडी ठेवली, तर चीफ ती उचलत म्हणाले, "धरण बांधू नकोस."

नव्या माणसाला ते पहिल्या पाच मिनिटांत विचारायचे, "तुझा ओव्हरफ्लो कुठे आहे?" ज्या तळ्याला बाहेर जायला वाट नसते ते खारट होतं, माणसाचंही तसंच, असा त्यांचा सिद्धांत. एका मराठी कुटुंबाच्या कोंडोतल्या फ्लॅटवर सत्यनारायणाला गेलो होतो, तिथे त्यांनी एका बँकेतल्या मॅनेजरला प्रसादाचा द्रोण हातात असताना गाठलं आणि हाच प्रश्न टाकला. तो बिचारा पाइपबद्दल विचारताहेत असं समजून "मॅनेजमेंट ऑफिसला विचारतो" म्हणाला. परत येताना एमआरटीच्या गाडीत चीफ मला म्हणाले, "बघितलंस? हा आतून मीठ झालाय."

बुकित गोम्बाकजवळ एक जुनी दगडखाण आहे. तिच्यात पाणी साचून सुंदर तळं झालंय, नवरा-नवरी फोटो काढायला येतात. मी हौसेने चीफना घेऊन गेले. दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "पाणी आहे. पण तळं कुठेय?" आणि वळून बसस्टॉपकडे चालू लागले. मला त्या दिवशी खरंच राग आला होता. अहो, माणसाने निदान समोर आहे त्याला तरी छान म्हणावं.

पण ह्या माणसाची खरी गंमत होती सकाळी साडेसहाला. देव मानत नाही, असं ठणकावून सांगणारे चीफ रोज सकाळी आंघोळ करून देवघरासमोर पाट ओढून बसायचे आणि पूजा करायचे. मंत्र नाही, स्तोत्र नाही. ताम्हनात पळीपळीने पाणी सोडताना ते जहाजाचं मुख्य इंजिन सुरू करण्याआधीची तपासणी पुटपुटायचे. "ल्यूब ऑइल प्रेशर, नॉर्मल. कूलिंग वॉटर, नॉर्मल. स्टार्टिंग एअर, फुल." शेजारी काकू वाती वळत बसलेल्या. शेवटी चीफ म्हणायचे, "इंजिन रेडी," आणि काकू घंटा वाजवायच्या. मग ते यार्डाच्या बसला पळायचे. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा दारामागे तोंडात ओढणी कोंबून हसले होते.

ताम्हनात दोन दगड असायचे. दोन्ही काळे, लिंबाएवढे, गुळगुळीत. दोन्हींना चंदन, दोन्हींना फूल. एक काकूंचा माहेरचा बाण. काकू धुळ्याच्या. त्यांच्या आजीला नर्मदेच्या पात्रात मिळालेला तो दगड शंकर म्हणून पुजला जायचा, आणि लग्नात आईने तो काकूंच्या ओटीत घातला होता. दुसरा दगड चीफनी वाळवंटातून आणलेला. उत्तरेच्या खिंडीतून ते पलीकडे उतरले होते, खोऱ्याच्या बाहेरच्या अंगाला. खिंडीतला सगळा डोंगर पांढुरका, आणि पलीकडच्या उतारावर हा एकच काळा, पाण्याने गोल झालेला दगड पडलेला. तसला काळा दगड फक्त तळ्याच्या दक्षिण टोकाला होता. तिथून इथवर तो पाण्यावरच्या तरंगत्या बर्फाशिवाय कसा येणार? चीफनी तो रुमालात बांधून आणला. सुट्टीवर घरी आले आणि प्रवासाच्या शिणाने दोन दिवस झोपले.

तेव्हा त्यांचं बिऱ्हाड ठाण्याला होतं. काकूंनी बॅग उपसली, रुमालातला दगड पाहिला आणि त्यांना भरून आलं. एवढा नास्तिकपणाचा आव आणणारा नवरा परदेशातून देव घेऊन आला आणि सांगायला लाजतोय! त्यांनी दगडाला दुधाने आंघोळ घातली, चंदन लावलं आणि माहेरच्या बाणाशेजारी बसवला.

तिसऱ्या दिवशी चीफ उठले, बॅग पाहिली आणि बोंब ठोकली. देवघरात दोन काळे ओले दगड. कुठला कुठला, सांगता येईना. ते काकूंना वाट्टेल ते बोलले. काकू एवढंच म्हणाल्या, "मला काय माहीत, तो देव नाही ते? मला दोन्ही देवच." तेव्हापासून चीफ जहाजावर नसतील तेव्हा पूजा स्वतः करायचे. तो दगड त्यांना दुसऱ्या कुणाच्या भरवशावर सोडायचा नव्हता. एक दगड हरवला, फुटला, कुणाला दिला गेला, तर तळं गेलं.

"मग देव मानत नाही म्हणता ते?" मी एकदा छेडलं.

"मी नमुना सांभाळतोय," चीफ म्हणाले. "तो देवघरात आहे, ही माझी चूक नाही."

२०१४ साली त्या तळ्याने चीफना पत्र पाठवलं. म्हणजे तळ्यावर काम करणाऱ्या तिकडच्या एका संशोधकाने. चीफ दरवर्षी नेमाने त्या माहितीपत्रकावरच्या पत्त्यावर आपली टाकी आणि तिचा पाइप समजावून सांगायचे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी उत्तर दिलं होतं. त्याने लिहिलं होतं की तुमचं म्हणणं मला पटण्यासारखं वाटतं, पण मी पुरावा शोधू शकत नाही. खिंडीत रस्त्यासाठी खाणकाम झालंय, पलीकडचा उतार खरवडून गेलाय. तुमच्याकडे तिथला दगड असेल तर त्याचा एक पातळ काप करून जवळच्या जाणकाराला भिंगाखाली बघू द्या आणि मला कळवा. मी ह्या तळ्यावरचं माझं शेवटचं लिखाण ह्या महिन्याअखेर देतोय.

चीफनी ते पत्र मला चारदा वाचायला लावलं. "जगात एकच दगड उरलाय," म्हणाले. "आणि तो माझ्याकडे आहे."

"कुठला?" मी विचारलं, आणि विचारल्यावर माझीच जीभ चावली.

जाणकार माझ्या ओळखीची निघाली. माझ्याबरोबर बॅडमिंटन खेळणारी एक चिनी मुलगी युनिव्हर्सिटीत भूगर्भशास्त्र शिकवायची. ती म्हणाली, "कॅन लाह, चालेल की, रविवारी येते." तिला दोन्ही दगडांचे फोटो पाठवले तर तिचा फोन आला. वरून नाही कळणार, म्हणाली, त्यांच्यावर तीस वर्षांचं तूप आणि दूध आहे. कापल्याशिवाय इलाज नाही.

आता आली का पंचाईत! चुकीचा दगड कापला, तर काकूंच्या आईचा बाण भंगणार. भंगलेला देव घरात ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात. आणि कापलाच नाही, तर चीफचं तळं कायमचं त्या पत्रकातल्या वाक्यात अडकून पडणार. तो आठवडा त्या घरात कुणी धड जेवलं नाही. जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल ठाम मत असणारा हा माणूस देवघरासमोर बसून दोन दगड हातात घेऊन तोलायचा, कानाशी धरायचा, खाली ठेवायचा. एकदा तर त्यांनी जिभेने चाटून पाहिले. काकू बाजूला भाजी निवडत बसलेल्या. मला दोघांचाही संताप येत होता. यांनी विचारावं, त्यांनी नको म्हणावं, मोकळं व्हावं! पण नाही.

रविवारी सकाळी बॅडमिंटनवाली आली. काकूंनी पोहे केले होते. तिने दोन बशा संपवल्या आणि पिशवीतून कापूस भरलेला डबा काढला. चीफनी दोन्ही दगड नॅपकिनवर आणून ठेवले, समोर उभे राहिले, आणि इंग्रजीत म्हणाले, "सॉरी. तुला उगीच त्रास दिला. एकही कापायचा नाही."

"चीफ!" मी ओरडलेच.

"ओरडू नकोस. पाणी बाहेर पडलं होतं, हे मला माहीत आहे. ते जगाला माहीत असायलाच हवं असं काही नाही." मग काकूंकडे न बघता म्हणाले, "हिच्या आईचा देव आहे तो. पैज लावायची वस्तू नाही."

काकूंनी पदराला हात पुसले. पुढे आल्या, नॅपकिनवरचा उजवीकडचा दगड उचलला आणि बॅडमिंटनवालीच्या हातात ठेवला.

"हा ह्यांचा," त्या मला म्हणाल्या. "सांग तिला, बिनधास्त काप."

चीफ बघतच राहिले. "तुला... कशावरून?"

"कशावरून काय? लहानपणापासून आईबरोबर त्या बाणाला आंघोळ घालत आलेय. तुम्ही बोटीवर असताना दोघांनाही मीच घालत होते. माझा ताम्हनात बसतो. तुमचा लवंडतो. तांदळाचा टेकू दिल्याशिवाय एक दिवस नीट राहिला नाही तो. आईचा बाण मला ओळखू येणार नाही होय?"

"अगं मग तीस वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?" काकूंचा आवाज एकदम चढला. आजवर मी तो कधी चढलेला ऐकला नव्हता. "त्या दिवशी नुसते ओरडलात. विचारलं नाहीत. आणि सांगितलं असतं, तर आपला दगड उचलून ट्रंकेत ठेवला असतात. नऊ-नऊ महिने बोटीवर. घरी आलात की मित्र, पत्रं, ते तळं. ती सकाळची अर्धी घटका तेवढी माझ्याशेजारी बसत होतात. ती पण घालवू?"

बॅडमिंटनवालीला शब्द एक कळला नव्हता, पण ती डबा घट्ट धरून माझ्याकडे बघत होती. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. ह्या घरात दोन वर्षं राहून हा सगळ्यात साधा प्रश्न मीसुद्धा काकूंना विचारला नव्हता. चीफ खुर्चीत बसले.

पुढचं आधी सांगून टाकते. दगड त्या दक्षिण टोकाचाच निघाला. काकूंचा शब्द खरा ठरला. संशोधकाने लिहिलं की एका दगडाने सिद्ध काही होत नाही, पण पाणी कधीच बाहेर पडलं नाही हे वाक्य मी आता लिहिणार नाही. पाणी बाहेर पडलं असावं, असं लिहीन. चीफ म्हणाले, "असावं! ठीक आहे. एवढी वर्षं थांबलो, 'असावं' चालेल." आणि त्यांनी यार्डात पेढे वाटले. बंगाली वेल्डरांना आणि चिनी फोरमनला आपण कशाचे पेढे खातोय हे शेवटपर्यंत कळलं नाही. कापलेला दगड परत आला तेव्हा त्याची एक बाजू सपाट झाली होती. मी काकूंना म्हटलं, भंगलेला देव ठेवत नाहीत ना? तर म्हणाल्या, "भंगला कुठे? त्याला बूड आलं." आणि सपाट बाजू खाली करून ठेवला. तांदूळ लागले नाहीत.

दोनेक वर्षांनी फ्लॅट विकून ते रत्नागिरीला गेले. नव्या मालकांनी रंग दिला, रेघ गेली. मी आता सिंगापुरातच, नोव्हेनाजवळ राहते. घरात शिरले की माझी नजर अजून भिंतीवर छातीच्या उंचीला जाते.

पण मला आठवते ती त्या रविवारनंतरची सोमवारची सकाळ. दगड युनिव्हर्सिटीत गेलेला. देवघरात फक्त काकूंच्या आईचा बाण. चीफचं म्हणून तिथे काहीच उरलं नव्हतं, सांभाळायला नमुना नव्हता. साडेसहा वाजले. मी ऑफिसची पिशवी भरत होते आणि खरं सांगायचं तर कान टवकारून उभी होते. काकू एकट्याच वाती वळत होत्या. दुसरा पाट भिंतीला टेकवलेला. बाथरूमचा नळ बंद झाला. चपलांच्या कपाटाचं दार वाजलं. हो, गेले हे बसला, असं मला वाटलं. काकूंनी मान वर केली नाही, पण हात थांबले.

मग पाट ओढल्याचा आवाज आला.

"सरक जरा," चीफ म्हणाले. आणि पळीने पाणी सोडायला लागले, त्या एकट्या बाणावर, सावकाश, एकही ओळ न गाळता. "ल्यूब ऑइल प्रेशर, नॉर्मल. कूलिंग वॉटर, नॉर्मल. स्टार्टिंग एअर, फुल." खाली यार्डाच्या बसने हॉर्न दिला. दुसऱ्यांदा दिला. चीफनी बाण पुसला, चंदन लावलं, फूल वाहिलं.

"इंजिन रेडी," ते म्हणाले.

काकूंनी घंटा वाजवली. बस निघून गेली तरी वाजवत होत्या.